मामांच्या मानेतला ब्लॉक

‘ब्लॉक’ म्हटलं की मला आमचे कळवणचे मामाच आठवतात. त्यांची मान इतकी ठणकायची की रात्रभर झोप नाही. शेवटी मीच त्यांना गंगापूर रोडच्या एका डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर म्हणाले, “मानेत नर्व्ह ब्लॉकचं इंजेक्शन देऊ.”

मामा ताडकन उठून चपला शोधायला लागले. “माझ्या भावाच्या हृदयातला ब्लॉक काढताना लय हाल झाले, अन् तुम्ही मानेत नवा घालता?”

“अहो, हा ब्लॉक वेगळा. दुखणाऱ्या नसेची लाईन काही दिवस बंद ठेवायची.”

“म्हंजे लोडशेडिंग! मग तसं सांगा ना,” म्हणत मामा पालथे झोपले.

आठवड्याने मी फोन केला. “मामा, मान कशी आहे?”

“लाईट गेलेलीच हाय. जन्मात पहिल्यांदा वाटतंय, येऊच नये!”