पोत्यावर मांडलेला ॲक्सल

जुन्या मोटारींचं कौतुक सांगायलाव, तर आमच्या संतपूरच्या मोटारीचं ऐका.

निजामावरच्या पोलीस ॲक्शनला दोन-तीन वर्सं झाली असतील. दुसऱ्या दिवशी काकाचं लगीन चिंताकीला, आन् अप्पांच्या मोटारीचा मागचा ॲक्सल कडकड वाजायलेला. बिदरहून कादर मिस्त्री आला. ॲक्सल खोलून त्यानं डाव्या बाजूचं सामान पोत्यावर डावीकडं मांडलं, उजवीचं उजवीकडं.

"पोता देखके जोडतूं, गलती होतीच नै," म्हणला आन् जेवायला गेला.

अक्काला लग्नाचं अंगण सारवायचं होतं. तिनं आन् मी पोतं अलगद ओढून बाजूला घेतलं. एक नटसुद्धा हलू दिला न्हाई. पोतं तेवढं उलट्या तोंडाचं झालं.

जोडणी झाल्यावर चाकांपुढं लिंबं ठेवली, नारळ फोडला. अप्पांनी पहिला गेअर टाकला, मोटार मागं गेली. दुसरा टाकला, आणखी जोरात मागं. लिंबं जिथल्या तिथं. रिव्हर्स टाकला, तवा कुठं मोटार पुढं आली.

मिस्त्री ओरडला, "पोता कौन घुमाया?"

अक्का माझ्याकडं बघायली, मी अक्काकडं.

परत खोलायला वेळ न्हवता. दुसऱ्या दिवशी नवरदेव रिव्हर्स गेअरवर निघाला. वऱ्हाडाच्या बैलगाड्या आमच्या आधी पोचल्या.

नवरीचा बाप म्हणला, "मोटार असून इतका उशीर कामून?"

अप्पा शांतपणे म्हणले, "जाताना बघा. मोटार वळवायचीच न्हाई. उलटी जायला तीन गेअर हायत."