पाळी आणि निवड चाचणी

फिजिओथेरपिस्टकडे कंबर धरून बसलेल्या शिंपीकाकांच्या शेजारी एक वेटलिफ्टर पोरगी आणि तिचे सर बोलत होते.

"उद्या निवड चाचणी, आणि पाळी आजच यायची होती?"

"तिला तुमचं वेळापत्रक दाखवायचं राहिलं, सर."

"चेष्टा नको. उद्या वजन कमी लावू."

"का? माझा विक्रम पाळीतच झालाय."

"आणि त्याआधी आठवडाभर वजनं बघून रडत होतीस!"

"तेव्हा हलकं द्यायचं ना! नेमकं तेव्हाच तुम्ही वाढवलंत."

"सगळ्या पोरींचं असंच असतं?"

"प्रत्येकीचं निराळं. विचारून बघा."

"मी? बायकोला सांगतो विचारायला."

"काकू शिकवतात का आम्हाला?"

"...बरं. उद्या ठरलेलंच वजन लावू. पण तो रडका आठवडा आला की मला सांगत जा. हळू आवाजात."

"मी हळूच बोलतेय. ओरडताय तुम्ही."

शिंपीकाकांना राहवलं नाही.

"आणि उद्या काय झालं, ते आम्हाला कोण सांगणार?"