तोंड दाबून

(रविवारची सकाळ, स्वयंपाकघर. टेबलावर ताटलीत ठेवलेला मोबाइल खडखडतो. नवरा-बायको चहा घेत बसलेत.)

ती : वाजतोय तुझा.

तो : वाजत नाहीये. सायलेंटवर आहे.

ती : ताटलीत ठेवला की सायलेंटवरचाही वाजतो. माझा त्या दिवशी पर्समध्ये होता, ठकीच्या स्वेटरच्या घडीत. तिथे कसला वाजतोय.

तो : मी काही म्हटलं का?

ती : आठवडाभर दुसरं काय म्हणतोयस? बघ कोण आहे ते.

तो : ताई. निघालीये. जेवायच्या वेळेपर्यंत पोचते म्हणते. ठकीची बॅग भरून ठेवा म्हणते.

ती : ठकी कुठेही जाणार नाही.

तो : अगं, प्लास्टर निघेपर्यंत फक्त. आत्याकडेच जायचंय तिला, परक्याकडे नाही. ताई दिवसभर घरात असते. पोरीकडे बघायला माणूस आहे तिथे.

ती : आणि इथे?

तो : आपण दोघंही कामावर.

ती : पडली तेव्हा कोणी कामावर नव्हतं. रविवार होता. बाप घरात होता.

तो : आणि आई सिनेमाला.

ती : आलं. चहा गार व्हायच्या आत येणार हे माहीत होतं मला.

तो : मग खोटं आहे का? पोर कडेवर, तिचा हात लोंबतोय, डॉक्टर विचारतोय आई कुठेय, आणि तिची आई फोन उचलत नाही. माझ्या जागी असतीस म्हणजे कळलं असतं.

ती : तुझ्या जागी मी असते तर ती पडली नसती.

तो : एका मिनिटात पडतात मुलं. आणि एकटीने कोण जातं गं सिनेमाला? मैत्रीणबित्रीण असती तर निदान तिचा तरी फोन लागला असता.

ती : तिघं जाणार होतो आपण.

तो : कधी?

ती : त्या दिवशी सकाळी विचारलं मी. म्हटलं, ठकीचा पहिला सिनेमा करू, रडली तर आळीपाळीने बाहेर घेऊन बसू. तू 'हो' म्हणालास. मी तिचा डबा भरला, स्वेटर घेतला, तिला मोजे चढवले, दारात उभी राहिले. तेव्हा तू हेडफोन खाली घेतलेस आणि विचारलंस, कुठे निघालात?

तो : मला ऐकू आलं नव्हतं.

ती : मग 'हो' का म्हणालास?

तो : सवय आहे.

ती : मग म्हणालास, तू जा, मी बघतो हिला. फार बरं वाटलं मला. लिफ्टमध्ये एकटीच हसत होते वेड्यासारखी.

तो : बघ, मीच पाठवलं तुला. आणि आता मीच वाईट.

ती : आठवतं का रे, लग्नाच्या आधी दर आठवड्याला जायचो आपण? दिवे गेले की तू तुझा फोन माझ्या पर्समध्ये टाकायचास. म्हणायचास, आता बाहेर येईपर्यंत आपण कुणाचेच नाही. मध्यंतरातसुद्धा मागायचा नाहीस. तुझ्या ऑफिसातला साहेब पर्समध्ये गुरगुरत राहायचा, आणि आपण हसायचो.

तो : तेव्हा ठकी नव्हती.

ती : नव्हती. म्हणून पर्सवर हात ठेवून बसले होते मी. वाजला तर हाताला कळेल म्हणून. पण सिनेमा विनोदी होता. हात कधी निघाला ते समजलं नाही.

तो : बरं.

ती : पोट धरून हसले मी. शेजारच्या खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ होते, ते पडद्याकडे कमी आणि माझ्याकडे बघून जास्त हसत होते. बाळंत झाल्यापासून इतकी हसले नव्हते. शेवटी नावं येतात ना, कपडे शिवणारे, गाड्या चालवणारे, ती सगळी संपेपर्यंत बसले. तू कधी बसू द्यायचा नाहीस, तुला गाडी काढायची घाई.

तो : हे ताईसमोर बोलू नकोस.

ती : का? हसणं चोरीचं आहे?

तो : ताईच्या डोक्यात वेगळंच काहीतरी आहे. सांगणार नव्हतो तुला.

ती : आता सांग.

तो : राहू दे.

ती : अर्धी शिंक आत ठेवू नये. सांग.

तो : दवाखान्यात ठकी गुंगीत बडबडत होती. तू औषधं आणायला खाली गेली होतीस. ताई तिच्याजवळ होती. पोर सारखी म्हणत होती, आईनं तोंड दाबलं, आईनं तोंड दाबलं.

ती : काय?

तो : ताई म्हणाली, एवढंसं पोर मनानं कशाला सांगेल? आई दमून येते, पोर किरकिर करते, मग दाबत असेल तोंड. म्हणाली, ओरडू नकोस तिला, पण ठकीला थोडे दिवस माझ्याकडे दे.

ती : म्हणून बॅग.

तो : प्लास्टर पण आहेच.

ती : तू काय म्हणालास ताईंना?

तो : मी काय म्हणणार?

ती : 'माझी बायको असं करणार नाही.' इतकं म्हणता आलं असतं.

तो : मी सगळा वेळ घरात नसतो. मला काय माहीत, कधी रागाच्या भरात...

ती : बोल. पुरं कर.

तो : काही नाही.

ती : तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तो असा असतो. बुक्के मी खायचे, आणि वर तोंडही मीच दाबलेलं.

ठकी : आई, बटण लागत नाही.

ती : ये गं माझी बाय. सावकाश, दाराला हात आपटेल. हा हात असा वर धर, झेंड्यासारखा. लागलं बटण. प्लास्टरवर हे काय काढलंस?

ठकी : मासा. डाव्या हाताने काढला, म्हणून लठ्ठ झाला.

ती : छान आहे लठ्ठ मासा. ठके, एक सांगशील? दवाखान्यात तू काय म्हणत होतीस, तोंड दाबलं, तोंड दाबलं?

तो : अगं, तिला कशाला मध्ये घेतेस?

ती : मध्ये तीच आहे. सांग बाळा.

ठकी : आईचं तोंड दाबलं.

ती : कोणी?

ठकी : मी.

ती : ऐकलंस? 'नं' नाही, 'चं'. कुठे होतं गं आईचं तोंड?

ठकी : बाबाच्या फोनमध्ये. गोल आहे ना तुझं, ते. ते दाबलं की कॅमेरा येतो, मग तू येतेस आणि म्हणतेस, काय गं चिमणे. त्या दिवशी नाही आलीस.

ती : पडलीस म्हणून दाबलंस?

ठकी : नाही. पडल्यावर मी रडले. दाबलं आधी.

ती : का दाबलंस?

ठकी : तहान लागली.

ती : बाबा होता की.

ठकी : बाबाच्या कानावर वाट्या होत्या. तो मोठ्या पाटीवर सिनेमा बघत होता, त्यात गाड्या उडत होत्या. मी म्हटलं पाणी. बाबा हो म्हणाला.

ती : मग?

ठकी : मग परत म्हटलं. परत हो म्हणाला. मग मी त्याचा फोन घेतला आणि तुझं तोंड दाबलं. खूप खूप दाबलं. तू आली नाहीस, म्हणून मी स्टूल घेतलं.

तो : ठकी, जा, आत जाऊन खेळ जरा.

ती : बसू दे तिला. ठके, खाली बसून मासा रंगव. ही घे पेन्सिल.

तो : टॅबवर बघत होतो. पाटी म्हणते ती टॅबला.

ती : तीन वर्षं तिच्याबरोबर राहते मी. कळतं मला ती काय म्हणते ते.

तो : मी घरात तर होतो.

ती : होतास. खुर्चीपण घरात होती.

तो : पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही गं. पाण्याचं भांडं अंगावर घेऊन पडली, ते भांडं केवढं... काहीच नाही आलं ऐकू. पायाला गार लागलं, तेव्हा मान वर केली. पाणी वाहत बाहेरच्या खोलीत आलं होतं.

ती : हे कोणाला सांगितलं नाहीस.

तो : कोणत्या तोंडाने सांगू?

ती : ते हेडफोन मीच आणले तुझ्या वाढदिवसाला. ठकी रडली तर तुझ्या मीटिंगमध्ये ऐकू जाऊ नये म्हणून. दुकानदार म्हणाला, बाई, भिंत पडली तरी कळणार नाही. मी म्हटलं, हेच द्या.

तो : मी लावला तुला फोन. पडल्यावर. खरंच लावला.

ती : किती वेळा?

तो : एकदा. मग तिला उचलून पळालो.

ती : आणि दवाखान्यात सगळ्यांसमोर फोन धरलास. बघा, किती वेळा लावला, उचलत नाही.

तो : तेव्हा मला खरंच वाटलं, मीच लावले असतील. घाबरलो होतो. बोटं कुठे पडत होती ते समजत नव्हतं.

ती : आणि लक्षात कधी आलं?

तो : ताईने विचारलं, हे सगळे व्हिडिओ कॉल कसे रे? तेव्हा. तुला मी कधी व्हिडिओ कॉल करत नाही.

ती : काय सांगितलंस मग?

तो : घाईत चुकून लागले म्हणून.

ती : म्हणजे आठवडाभर तुला माहीत होतं. तुझी आई फोनवर मला म्हणाली, पोरीपेक्षा सिनेमा मोठा झाला का. तू शेजारी बसून नखं कापत होतास. तेव्हाही माहीत होतं.

तो : हो.

ती : मला वाटायचं, मी फोन उचलला असता तर तुझी धावपळ वाचली असती. एवढाच माझा गुन्हा. आता कळतंय, उचलला असता तर ती पडलीच नसती. म्हटलं असतं, थांब ठके, स्टुलावर चढू नको, फोन बाबाच्या नाकासमोर धर. आठवडाभर तू माझ्यापासून लपवलंस, म्हणून मी अर्धंच रडले.

तो : अगं, तसं नको घेऊ.

ती : रडेन मी माझी. पण आधी ताईंना लिही. आत्ता. घरच्या ग्रुपवर लिही, सगळ्यांना दिसेल असं. माझी तक्रार जिथे केलीस तिथेच.

तो : ती वाटेत असेल.

ती : वाटेत वाचता येतं. लिही.

तो : लिहितोय... घे, बघ.

ती : 'ताई, थोडा गैरसमज झालाय. तू ये, पण ठकी इथेच राहील.' कोणाचा गैरसमज? झालाय म्हणे. सर्दी झाल्यासारखा आपोआप झालाय.

तो : ठकी राहतेय ना इथे? तुला तेच हवं होतं ना?

ती : तेही हवं होतं.

तो : आली की समोर बसून सांगतो सगळं. ग्रुपवर कशाला तमाशा? आई वाचेल, भावजी वाचतील.

ती : माझा वाचला सगळ्यांनी.

तो : सांगतो म्हटलं ना. हो.

ती : हा कुठला 'हो'? वाट्या लावलेला की काढलेला?

तो : पाठवू का एवढंच?

ती : पाठव. बॅग भरायची नाही, इतकं तरी कळेल त्यांना.

ठकी : बाबा, फोन दे ना. आईचं तोंड दाखवते तुला.

तो : माहीत आहे मला. मीच काढलाय तो फोटो, थिएटरच्या पायऱ्यांवर.

ठकी : दे ना. हे बघ. असं दाबलं की मोठं होतं.

तो : वाजतोय तुझा.

ती : ऐकतेय. सायलेंटवरून काढलाय आता. आंघोळीलासुद्धा घेऊन जाते.

ठकी : आई, उचल.

ती : अगं, समोर तर बसलेय मी.

ठकी : तरी उचल.

ती : उचलला. काय गं चिमणे?

ठकी : आई, त्या दिवशी मी दाबत होते ना, तेव्हा तू फोटोत हसतच होतीस. मी सारखं दाबलं तरी हसतच होतीस. तू तिकडे खरंच हसत होतीस का?