यांच्या टेबलावरची कुंडी

नर्सरीच्या रांगेत पुढच्या वयस्कर बाईंनी एक कुंडी छातीशी धरली होती. त्यांच्या मागची मुलगी वनस्पतिशास्त्र शिकलेली. रोपाला काय झालंय ते तिला बघताक्षणी कळलं, पण बाईंनी कुंडी माळीबुवांपुढे धरून याला काय झालं म्हणून विचारलं.

"मावशी, हे जाड पानांचं रोप कमळासारखं बसकं असतं. तुमच्याकडे त्याचा जिराफ झालाय."

"खत कमी पडलं का?"

"उजेड कमी पडला. उजेड शोधत मान लांबवतं बिचारं. शेंडा छाटा, दोन-चार दिवस सुकू द्या आणि मग कोरड्या मातीत लावा. खाली बुंध्यालाही फुटवे येतील."

"संध्याकाळपर्यंत?"

"इतक्यात दहीसुद्धा लागत नाही, मावशी. महिनाभर धरा."

"लेक येतेय हो संध्याकाळी. हे रोप यांच्या टेबलावरचं. आमचे हे गेल्यापासून मी रोज त्यांच्या खोलीत वाचत बसते, असं फोनवर सांगत आलेय तिला."

"आणि बसत नाही?"

"पडदेच उघडले नाहीत. हे बघितलं की ओळखेल ती. एकटीला जमत नाही म्हणेल आणि घराला कुलूप लावून मला घेऊन जाईल."

"मग अगदी असंच नवीन देतो."

"तिनेच लावलंय, पानन्‌पान ओळखते."

"तर निदान पडदे उघडा, आत्ता जाऊन."

"धूळ दिसेल."

"पाणी तर बेतानं घातलंय तुम्ही, कुजलेलं काही नाही. म्हणजे आत जात होताच की."

"जाते ना. फक्त दिवा लावत नाही."