सोफा माझ्या पसंतीचा

आमचा सोफा कुणी निवडला विचारताय ना, मग ऐकाच; अजून डोकं तापतं माझं. नुकतंच लग्न झालेलं आणि खोडदच्या नव्या बंगल्यात सोफा आणायचा होता. सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई शिकलेली हाय, तिच्याच पसंतीचा घ्या." नारायणगावच्या दुकानात मी एकेका सोफ्यावर बसून पाहिलं आणि पाठ नीट टेकेल असा एक निवडला.

सोफा घरी आला. सासरे एका टोकाला बसले, म्हणून मी दुसऱ्या टोकाला टेकले. सासूबाई ओरडल्याच, "अगं, सासऱ्याम्होरं सोफ्यावर बसत्यात व्हय? खाली चटई हाय की!" मी नवऱ्याकडे पाहिलं, तर तो टीव्हीवरची साबणाची जाहिरात मन लावून बघत होता. मी चटईवर बसले.

आठवड्याने नवऱ्याचा डिंगोरे गावचा मित्र आला. सोफ्यावर रेलून म्हणाला, "लई भारी राव! वहिनी, तुमी निवडला म्हणं. बसायला कसा हाय?"

मी सगळ्यांच्या देखत त्याच्यापुढे चहा ठेवला. "दुकानात बसले तेव्हा छान होता, भाऊ. परत बसावंसं वाटलं की नारायणगावला जाऊन येते."

त्या दिवशी नवऱ्याला टीव्ही बंद करायचं बटण सापडलं.