घरच्यांना आधी कळलंय ना?

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या रेडिओ केंद्राचे संचालक श्रीयुत मुन्यासिया साहेब, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, सत्कारमूर्ती नालियाकाबाई, आणि भर उन्हातून बुंगोमापर्यंत आलेल्या श्रोतेहो,

नालियाकाबाईंचा आवाज या भागात कोणाला ठाऊक नाही? दुपारी त्या निधनवार्ता वाचायला बसल्या, की बाजारातलं माणूस मक्याचं माप हातात धरून थांबायचं. निवेदन हातात पडलं, की बाई मला, त्यांच्या तंत्रज्ञाला, विचारायच्या, "वासिके, घरच्यांना आधी कळलंय ना?" खात्री नसली, तर वाचायच्या नाहीत. मी एकदा वैतागून म्हटलं, "बाई, दुसऱ्या केंद्रानं केव्हाच सांगून टाकलं." म्हणाल्या, "सांगू दे त्यांना. गेलेल्याची आई चुलीपुढे बसली असेल. तिला हे रेडिओवरून नको कळायला."

यंदाच्या मार्चमधली गोष्ट. कार्यक्रम चालू असताना किमिलीलीहून एका आजोबांचा फोन आला. "पोरी, तुमचा बुकुसु भाषेचा विभाग बंद होतोय म्हणे? नातवानं कुठल्याशा ब्लॉगवर वाचलं. ज्यांना काढणार, त्यांत तुझंही नाव आहे."

मी काचेपलीकडे होतो. बाईंचा चेहरा उतरला, आवाज नाही. "बाबा, मला अजून कोणी काही सांगितलेलं नाही. विचारते आणि तुम्हाला सांगते."

गाणं लावून त्या व्यवस्थापकांकडे गेल्या, मीही मागोमाग. व्यवस्थापक मोबाइलवर तोच ब्लॉग वाचत होते. मान खाली घालून म्हणाले, "बाई, मलाही इथूनच कळतंय."

बाई परतल्या. उरलेल्या निधनवार्ता वाचल्या, एकाही नावावर न अडखळता. शेवटी म्हणाल्या, "किमिलीलीचे बाबा, तुमचं खरं असावं." माइक बंद केला आणि मग रडल्या. नैरोबीच्या मुख्य कचेरीतून मुन्यासिया साहेबांचा निरोप आला, तोवर हे साऱ्या जिल्ह्याला माहीत होतं.

अध्यक्ष महोदय, केंद्र तोट्यात होतं, हे आम्हाला कळत नव्हतं का? कळत होतं. पण बाईंना एक फोन करायला काय हरकत होती?

असो. आजचा दिवस बाईंचा आहे. पाहुण्यांचे, मंडपवाल्यांचे, चहा करणाऱ्या, मांदाझी तळणाऱ्या भगिनींचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात मर्यादा सुटली असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. आणि साहेब, एक विनंती. यापुढे आणखी कोणाची पाळी असेल, अगदी माझी असली तरी, आज जेवणाआधी सांगून टाका. बायको घरी वाट पाहतेय. तिला मला स्वतः सांगायचंय.