पंच बाकावरून का उठले

मंडळी, शोकसभेला तुम्ही सगळे आलात. पंचांच्या घरचेही समोर बसले आहेत. मला चारचौघांत बोलायची सवय नाही. शाळा नववीत सुटली. आपल्या कबड्डी मंडळात मी गुणलेखक, टेबलामागे बसून लिहिणारा. आजही लिहूनच आणलं आहे. सांभाळून घ्या.

आपले हिराजी पंच तरुणपणी एका दमात चौघांना बाद करून मधली रेष गाठायचे. पुढे कोन गावच्या याच मैदानावर त्यांनी शिट्टी धरली. यंदा ती शिट्टी अर्ध्यावरच तुटायला लागली. आपण म्हणालो, वय झालं. ते म्हणायचे, धूळ लय हाय.

त्यांना ताप यायचा, धाप लागायची, उजव्या कुशीत दुखायचं. मी त्यांना पनवेलला डॉक्टरांकडे नेलं. एक्स-रेत छातीची उजवी बाजू खाली पांढरी दिसली. डॉक्टरांनी नीट समजावलं. तिथे पाणी साठलंय की फुफ्फुसच घट्ट झालंय, हे एक्स-रेवरून नक्की कळत नाही. सोनोग्राफीत पाणी काळं दिसतं, आणि सुई नेमकी कुठे घालायची तेही कळतं. मशीन होतं जवळच्या प्रसूतिगृहात.

आम्ही गेलो. बाकावर सगळ्या गरोदर बायका. एकीने सरकून जागा दिली. म्हणाली, काका, तुम्ही माझ्या आधी जा, तुम्हाला जास्त धाप लागतेय. आयाने बाकीच्यांसारखा पंचांच्या हातातही पोटाच्या तपासणीआधी प्यायचा पाण्याचा तांब्या दिला. पंच हसले. तेवढ्यात आपल्या मंडळातला एक जण रस्त्याने चालला होता. दारातून त्याने विचारलं, "पंच, कितवा महिना?"

तो आज इथेच बसला आहे. नाव घेणार नाही. कारण संध्याकाळी नाक्यावर तेच तुम्ही किती जणांनी विचारलंत? कुणी बारशाचं आमंत्रण मागितलं. कुणी विचारलं, डोहाळे कसले लागलेत?

पंच तेव्हाच बाकावरून उठले होते. मी दारापर्यंत मागे धावलो. म्हणाले, "मना सगली पोरं घाबरतान. मी बायकांच्या बाकावर नाय बसायचा."

मी रोज त्यांच्या घरी जायचो. सांगायचो, छाती बाईची काय, पुरुषाची काय, मशीनला सारखीच. बाकावर बसायचं आहे, दुसरं काही नाही. तुमच्यापैकी काहींना म्हटलं, तुम्ही सांगा, तुमचं ऐकतील. तुम्ही म्हणालात, दमा आहे, वाफ घेऊ दे. कुणी काढा आणून दिला. बाकावर बसा, असं मात्र कुणी म्हणालं का? कुणीच नाही.

शेवटी त्यांना उचलूनच न्यावं लागलं. त्याच प्रसूतिगृहात. डॉक्टरांनी कुशीला जेल लावलं, बरगड्यांमधून यंत्र फिरवलं आणि पडदा आमच्याकडे वळवला. केवढं तरी काळं होतं, आणि त्यात कण तरंगत होते. डॉक्टर म्हणाले, पाण्याचा पू झालाय. आधी आला असतात तर पाणी सुईने निघालं असतं.

पंचांनी पडद्याकडे पाहिलं. धापा टाकत डॉक्टरांना विचारलं, "येवढाच व्हता?"

नळी घातली, पू काढला, पण विष अंगभर पसरलं होतं. मंडळी, त्यांचा तो प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. एवढंच होतं. जेल लावायचं, बघायचं, आणि त्याआधी थोडा वेळ एका बाकावर बसायचं.

आता दत्ताकाका. पंचांचे जोडीदार. काका, मघाशी मंडपाच्या दोन पायऱ्या चढताना तुम्ही थांबलात. मी पाहिलं. रागावू नका. उद्या सकाळी मी तुम्हाला डॉक्टरांकडे न्यायला येणार आहे. डॉक्टरांनी त्या बाकावर बसायला सांगितलं, तर मी शेजारी बसेन. मंडळाच्या पोरांनी जर्सी घालून यावं. सगळा संघ बसू दे, बायकांना जागा ठेवून. मग हसू दे कोणाला हसायचं ते.

आता पंचांसाठी उभे राहूया. दत्ताकाका, तुम्ही बसूनच राहा. त्यांची शिट्टी माझ्या खिशात आहे, पण ती वाजवणार नाही. तुम्ही फक्त शांत राहा, आणि काकांचा श्वास ऐका.

पंच, तुम्हाला नमस्कार.